अर्ध्या पासवर्डचे धनी

आमच्या आप्पा कोळप्यांसमोर कुणी फोनचा नंबर फिरवायला घेतला, की आप्पा लगेच पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "अहो आप्पा, बायकोला फोन लावतोय, त्यात काय लपवायचंय?" असं समोरच्यानं म्हटलं तरी ते वळत नसत. बँकेत पुढचा माणूस सही करायला लागला की यांची पाठ. एसटीत कंडक्टरनं पैशाची बॅग उघडली की हे खिडकीबाहेर बघणार. एकदा आम्ही दौंडच्या एका देवळात प्रसादाला गेलो होतो. तिथे एक बाई हात जोडून देवाशी पुटपुटत होत्या, तर आप्पा थेट देवाकडे पाठ करून उभे. "त्येंचं काय मागनं आसंल ते त्येंचं. आपुन कशापायी ऐकायचं," असं म्हणून त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि माझीही पाठ फिरवली.

हे वेड त्यांना जन्मापासूनचं नव्हतं. ते सरकारच्या एका खात्यानं लावलं, आणि त्याला कारण झालं एक झाकण.

मी शिरूरचा, आडनाव मुलाणी. दोन हजार साल उलटून गेल्यावरची ही हकिकत. मी तेव्हा दौंडला खोली घेऊन राहत होतो आणि कुरकुंभच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब आणि कॉम्प्युटर अशी दोन्ही कामं बघत होतो. कॉम्प्युटर येत होता म्हणजे तो चालू-बंद करता येत होता, पण आमच्या शेठच्या लेखी तेवढ्यावर मी इंजिनिअर होतो. पगार मात्र कारकुनाचाच होता.

शेठचा धंदा पत्र्याच्या झाकणांचा. शिक्रापूरच्या शेडमध्ये पत्रा दाबून झाकण निघायचं आणि दर शनिवारी टेंपोनं कुरकुंभला यायचं, इथे त्याच्यावर गंज न धरणारा लेप बसायचा. सरकारच्या त्या खात्याला कसल्याशा पेटीसाठी ही झाकणं हवी होती. पेटीत काय असतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण झाकण गुप्त होतं, आणि झाकणाचं ड्रॉइंग त्याहून गुप्त. ज्या लॅपटॉपमध्ये हे ड्रॉइंग राहणार, त्याची हार्ड डिस्क सरकारी सुरक्षेच्या मानकांना उतरली पाहिजे, तिच्यावरची सगळी माहिती एन्क्रिप्ट झालेली पाहिजे, आणि आमचे अधिकारी येऊन तपासून दाखला देतील तेव्हाच पुढची ऑर्डर, असं खात्यानं कळवलं. ही ऑर्डर गेली तर शिक्रापूरची शेड बंद करायची, असं शेठनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. देशाची सुरक्षा आणि तिथल्या कामगारांची चूल अशी एकाच हार्ड डिस्कवर येऊन बसली.

नियमांचं पुस्तक आलं. उशाला घेता येईल इतकं जाड, आणि इंग्रजी. शेठनी ते उघडलं, मिटलं आणि स्टोअरच्या आप्पांकडे पाठवून दिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आप्पांच्या स्टोअरमधून एक वायसर कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं. मागणाऱ्याला खरोखरच गरज असली तरी झालं नव्हतं.

तर मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि आप्पांनी पाळायचं, अशी वाटणी झाली. एन्क्रिप्शन म्हणजे काय, हे मी पहिल्या दिवशी त्यांना समजावलं. आतली माहिती अशी कालवून ठेवायची, की ज्याच्याकडे किल्ली त्यालाच ती कळावी, बाकीच्यांना नुसता कचरा दिसावा. आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. आप्पा क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हंजी आमच्या बापाची शीळ. दहा धनगर शीळ घालत्यात, पर मेंढरू आपल्याच मालकाच्या शिळंला वळतंय. बाकीच्यांची नुस्ती ऐकतंय आन् चरतंय." सरकारनं एवढं जाड पुस्तक छापण्याऐवजी आप्पांना विचारलं असतं तर कागद वाचला असता.

पण आप्पांना काही समजणं जितकं चांगलं, तितकंच धोक्याचं होतं. कारण मी जे सांगेन त्याच्या दुप्पट ते पाळत.

शेठनी काटकसर म्हणून पहिला लॅपटॉप दौंडच्या एका दुकानातून आणला. त्यातल्या डिस्कला सरकारमान्य दाखला आहे का, असं आप्पांनी दुकानदाराला विचारलं. "पाहिजे तसा छापून देतो की," असं दुकानदार म्हणाला. मनानं मोठा माणूस, त्यानं लॅमिनेशनसुद्धा वर फुकट देऊ केलं. आप्पांनी लॅपटॉप परत केला आणि शेठना पुण्याहून मान्यताप्राप्त यादीतली डिस्क आणायला लावली. ती शेठच्या गाडीपेक्षा महाग पडली, असं शेठ सगळ्यांना सांगत. खोटं होतं, पण गाडीही तशीच होती.

डिस्क पहिल्यांदा एन्क्रिप्ट व्हायला अख्खा दिवस लागणार होता, आणि मधे वीज जाऊन चालणार नव्हती. भारनियमनाच्या त्या दिवसांत कुरकुंभला असं बोलणं म्हणजे उन्हाळ्यात टँकरवाल्याला वेळ पाळ म्हणण्यासारखं. पहिल्या दिवशी वीज गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी आप्पा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून, इन्व्हर्टरसकट घेऊन आले आणि लॅपटॉपशेजारी मांडी घालून बसले. नेमकी त्या दिवशी वीज गेलीच नाही. आप्पांना त्याचं फार वाईट वाटलं. शेतकऱ्याला किती वाईट वाटलं ते मी सांगत नाही, कारण त्याची पेरणी होती.

मग सील. डिस्क कुणी उघडली तर बाहेरून कळलं पाहिजे, म्हणून तिच्या स्क्रूवर चिकटवायला खात्यानं चकचकीत सीलं पाठवली होती. आप्पांनी ती उजेडात धरून पाहिली. "ह्यो बिस्कुटाच्या पुड्याचा कागुद हाय. ह्येच्यावर सरकार निवांत झोपतंय व्हय?" त्यांनी बाजारातून लाख आणली, मेणबत्तीवर वितळवली आणि सरकारी सीलावर आपलं सील चढवून त्यावर पाच रुपयांचं नाणं दाबलं. थोडी लाख ओघळून पंख्याच्या जाळीत गेली. पुण्याहून आलेल्या मेकॅनिकनं ती टोकरून काढताना जे शब्द वापरले, ते कुठल्याच पुस्तकात नव्हते. आप्पा शांतपणे म्हणाले, "बुजलंय तर बुजू द्या. तिथनंबी चोरी व्हनार न्हाई."

लॅपटॉप कपाटात, कपाटाला दोन कुलुपं, आणि कपाटात लॅपटॉपला गुंडाळायला वडिलांची घोंगडी. कारण पुस्तकात लिहिलं होतं, की यंत्र धूळ आणि हादऱ्यापासून जपावं. "आप्पा, तुमचा कुणावर विश्वास आहे की नाही?" असं मी एकदा वैतागून विचारलं. "इस्वास हाय भाऊसाहेब," आप्पा म्हणाले, "म्हनून तर कुलूप हाय. इस्वास नसता तर बंदूक घीऊन बसलो आसतो."

इथवर मी सगळं हसण्यावारी नेत होतो. मग तो दोन माणसांचा नियम आला.

नियम असा, की पासवर्डचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा एका माणसाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय लॅपटॉप उघडणार नाही, आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला कधीही कळता कामा नये. शेठ म्हणाले, "सोपं आहे. आप्पा आणि मुलाणी."

"जमायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "मी आन् भाऊसाहेब दिवसातनं दोन येळा चा पितो. संगं चा पिनारी मान्सं कवा ना कवा बोलनारच. हितं अशी दोन मान्सं पायजेल, जी एकमेकाशी बोलतच न्हाईत."

"अशी माणसं कुठून आणायची?" शेठनी विचारलं.

"हायेत की. मी आन् आमचा मारुती."

मारुतीदादा म्हणजे आप्पांचे थोरले सख्खे भाऊ. शिक्रापूरच्या शेडमध्ये पत्रा दाबायच्या मशीनवर होते आणि तिथेच खोली घेऊन एकटे राहत. घरचे लोक कासुर्डीजवळ गावी. दोघं भाऊ एकाच शेठकडे नोकरीला, पण आप्पांच्या मुलीच्या लग्नापासून त्यांच्यात एक शब्द नव्हता. टेंपो दर शनिवारी कुरकुंभला यायचा, पण मारुतीदादांनी त्यात कधी पाय ठेवला नव्हता, कारण कुरकुंभला आप्पा होते. शेठ खूश झाले. सरकारला जी गोपनीयता भली मोठी पुस्तकं छापून मिळत नव्हती, ती कोळप्यांच्या घरात भाऊबंदकीच्या रूपानं फुकट पडून होती. मारुतीदादांना निरोप गेला. "सरकारी काम हाय म्हनून येतो," असं त्यांचं उत्तर आलं. "दुसऱ्या कुनासाठी न्हाई."

त्यांच्या भांडणाची हकिकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली, आणि नवल म्हणजे ती एकच निघाली. आमच्या भागातल्या लग्नात नवरा-नवरीपेक्षा माइकवाला मोठा असतो. मंगलाष्टका पाच मिनिटांत उरकतात, पण त्याआधी पाहुण्यांची नावं पुकारून त्यांना फेटे बांधण्यात तास जातो. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, डेअरीचे संचालक, संचालकांचे मेहुणे. मारुतीदादा कोरं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसले होते. फेट्याला डोकं मोकळं असावं म्हणून त्यांनी टोपी काढून आधीच मांडीवर ठेवली होती. नावं संपली. त्यांचं आलं नाही. त्यांनी टोपी परत घातली आणि न जेवता निघून गेले.

"पाव्हन्यांची नावं पुकारत्यात, भाऊसाहेब," आप्पा मला सांगायचे. "दादा काय पाव्हना व्हय? त्यो घरचा. घरच्या मानसाचं नाव माइकवर कुनी घेतं का?"

"घरचा व्हतो तर घरच्यावानी येऊन म्हनायचं," मारुतीदादा सांगायचे. "दादा, चला, फेटा बांधा. एवढंच. माइक कुनाला पायजेल व्हता?"

दोघांचंही बरोबर. पण हे दोघंही मलाच सांगत, एकमेकांना नाही. पुढे आप्पांची बायको वारली तेव्हा मारुतीदादा आले, मांडवाबाहेर बसले आणि तसेच परत गेले. आप्पा दौंडच्या घरात एकटे, दादा शिक्रापूरच्या खोलीत एकटे, आणि मधे चौफुल्याचा रस्ता. दोघांनी आपापला मान मात्र व्यवस्थित सांभाळला होता.

तर शनिवारी टेंपोतून मारुतीदादा उतरत. दारात उभे राहून मला विचारत, "भाऊसाहेब, आत कोन हाय का?" आप्पा त्यांच्यापासून चार हातांवर खुर्चीत.

"आप्पा आहेत की."

"मंग त्येंना म्हनावं, खुर्ची सरकवा."

आप्पा खुर्ची सरकवत मला सांगत, "त्येंना म्हनावं, सरकावली." थोरल्यानं धाकट्या भावाला 'त्येंना' म्हणायचं, ही आमच्याकडची सगळ्यात सभ्य शिवी. मग दादा खिशातून चष्म्याची डबी काढत, चष्मा चढवत आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत आपला तुकडा टाइप करत. तोवर आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे. मग आप्पा टाइप करत आणि दादा भिंतीकडे. कॅलेंडर नसलेली ती भिंत, पण दोघांनाही तोंडपाठ झाली असावी. मी मधे बसून दोन बाजूंचे निरोप पोचवत असे.

पासवर्ड तीन महिन्यांनी बदलावा, असं पुस्तकात होतं. आप्पांनी तो दर शनिवारी बदलायचा ठरवला. "आप्पा, तीन महिने लिहिलंय," मी म्हटलं. "तीन म्हैन्यात मेंढीची लोकर वाढती," आप्पा म्हणाले, "तवा चोराची अक्कल वाढनार न्हाई व्हय?" झालं. दर शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी या दोन बोटांच्या टाइपिंगमध्ये जाऊ लागली. शिरूरला आई माझी वाट बघायची आणि मी कुरकुंभला दोन म्हाताऱ्यांच्या पाठी बघायचो. त्यावर आप्पा चहा मागवत, तीन कप, त्यातला एक बिनसाखरेचा. दादांना साखरेचा आजार होता. ते आप्पांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

अखेर तपासणीचा दिवस आला. खात्याचे अधिकारी आले. हिंदी बोलणारे, पोटानं सुखी आणि घड्याळाकडे लक्ष असलेले. त्यांनी कपाट पाहिलं, कुलुपं पाहिली, घोंगडी उलगडून पाहिली आणि ती कुठल्या नियमात बसते म्हणून विचारलं. लाखेचं सील बघून ते थोडे मागे सरकले. मग अर्ज वाचताना थांबले.

"ये भी कोळपे, वो भी कोळपे?"

"साहेब, इधर सगळे कोळपेच आहेत," शेठ तत्परतेनं म्हणाले. "गाव ही उनका है." शेठचं हिंदी असं होतं, पण खोटं बोलताना ते सुधारत असे.

साहेबांनी मान डोलावली आणि लॅपटॉप उघडायला सांगितला. शिक्रापूरची शेड राहणार की जाणार, ते आता त्या दोन बोटांवर होतं. मारुतीदादांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते बसले, टाइप केलं. आप्पा भिंतीकडे. मग आप्पांनी टाइप केलं. लॅपटॉप म्हणाला, चूक.

कुणाचा तुकडा चुकला हे यंत्र सांगत नव्हतं. सरकारी यंत्र ते, जबाबदारी कुणावर टाकायची हे त्यानंही मोघमच ठेवलं होतं. "त्येंना म्हनावं, नीट आठवा," दादा मला म्हणाले. "त्येंना म्हनावं, माझं मला पाठ हाय," आप्पा म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा चूक. ठरावीक वेळा चुकलं की डिस्क आतली किल्ली स्वतःच मोडून टाकणार होती, मग ड्रॉइंग कायमचं कचरा. आता एकच संधी उरली आहे, असं पडद्यावर आलं. मी ते मराठीत वाचून दाखवलं. शेठनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दादांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी बोट उचललं आणि डोळे बारीक करून अक्षर शोधू लागले.

आप्पा भिंतीकडे तोंड करूनच होते. तसेच, मागे न बघता ते म्हणाले, "दादा, चष्मा लाव."

दादांनी बोट मागे घेतलं.

"डबीचा आवाज आला न्हाई मला आज," आप्पा भिंतीला सांगत होते. "सायबासमोर लाजू नगं. बस निवांत, पानी पी, चष्मा लाव आन् मंग दाब."

मारुतीदादांनी खिशातून डबी काढली. ती टक्कन उघडली. चष्मा लावला, पाणी प्यायलं आणि एकेक अक्षर बघून दाबलं. मग आप्पांनी आपलं दाबलं. लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर ते झाकण आलं. इतका साधा पत्र्याचा गोल मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, पण शेठनी त्याला हात जोडले.

साहेब मात्र झाकणाकडे बघत नव्हते. "इन्होंने आपको दादा कहा?"

"इधर सबको दादा बोलते, साहेब," शेठ म्हणाले.

साहेबांनी सरळ आप्पांना विचारलं, "ये आपके कौन लगते हैं?"

शेठनी आप्पांकडे असं पाहिलं, की दगडालासुद्धा अर्थ कळावा. आप्पांना तो कळलाही. पण नियमाच्या पुस्तकापुढे या माणसानं कधी खोटं बोलून पाहिलं नव्हतं, त्याची त्यांना सवयच नव्हती.

"भाऊ हाय," ते म्हणाले. "सख्खा."

शेठनी घाईघाईनं सांगून टाकलं, की दोघं वेगळे राहतात आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. साहेब तसे भले होते, आणि जेवणाची वेळ झाली होती. ते म्हणाले, दोन सख्खे भाऊ म्हणजे नियमाला अडचण आहे. पण घरं वेगळी, गाव वेगळं, बोलचाल नाही असं म्हणता, तर आमचा यांच्याशी काही संबंध नाही असं दोघांनी लिहून द्या, मी आत्ताच्या आत्ता पूर्ण दाखला देतो. शेठनी खिशातलं पेन काढून टोपण उघडूनच आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी पेन धरलं. मारुतीदादा चष्म्यातून जमिनीकडे बघत होते.

"बोलचाल न्हाई ह्ये लिवतो," आप्पा म्हणाले. "संबंद न्हाई ह्ये न्हाई लिवनार. बोलत न्हाई म्हंजी भाऊ न्हाई व्हय?"

शेठ त्यांना बाजूला नेऊन बोलले, दबक्या आवाजात बोलले, मग मोठ्यानं बोलले. शेड जाईल, दादांचीच नोकरी जाईल, हेही बोलले. आप्पांनी पेन टोपण लावून परत केलं. शेवटी साहेबांनीच तोड काढली. दाखला देतो, पण अटीवर. दोघांपैकी एकाला बदलून बाहेरचा माणूस घ्यायचा.

दाखला आला. शेठनी त्याला फ्रेम करून देवांच्या तसबिरीच्या वरच्या खिळ्यावर टांगलं. शिक्रापूरची शेड राहिली आणि देशाला झाकणं मिळत राहिली. मग शेठनी अट पुरी करायला घेतली. त्यांचा हिशेब सोपा होता. मारुतीला टेंपोत घालून आणायचं, त्याचा मशीनचा दिवस मोडायचा, हे परवडत नाही. मारुतीला काढा, आप्पा आणि मुलाणी दोघं इथलेच आहेत, तीन महिन्यांतून एकदा पाच मिनिटांत काम होईल. मी मनातल्या मनात शेठचे पाय धरले. माझे शनिवार सुटले होते.

"मला काढा," आप्पा म्हणाले.

शेठना कळेना. एवढं सगळं तुम्ही उभं केलंत, तुम्हीच कसे निघता?

"पुस्तकात हाय," आप्पा म्हणाले. "दोघं दोन येगळ्या शेडमधली पायजेल. एक हितला, एक तिकडचा. आन् पासवर्ड दर आठवड्याला."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. ते पुस्तक वाचलेला त्या कारखान्यात मी एकटाच होतो, आणि असं त्यात कुठेही नव्हतं. आप्पांनाही ते ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि साहेबांपुढे न ढळलेला तो माणूस खालचा ओठ चावत होता.

"हो," मी म्हटलं. "आहे तसं."

नंतर स्टोअरमध्ये मी त्यांना गाठलं. "आप्पा, हे काय केलंत? पुस्तकात तर तीन महिने आहेत."

आप्पा खोक्यात वायसर मोजून टाकत होते. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "मी हितं रोजचा हाय, भाऊसाहेब. मला काढलं तरी मी कुठं जातूय? त्येला काढलं तर त्यो हिकडं यील कशापायी?" त्यांची मोजणी चुकली असावी, कारण त्यांनी सगळी वायसरं परत ओतली. "तीन म्हैनं लय व्हत्यात वं."

ज्या शनिवारांवर मी वर्षभर शिव्या खर्च केल्या होत्या, ते या माणसानं नियमाच्या पुस्तकातून एकेक करून चोरून आणले होते. एवढं कुलूप-किल्लीवालं माणूस, आणि चोरी केली ती सरकारच्या नाकावर टिच्चून.

पुढच्या शनिवारी टेंपो आला. मारुतीदादा उतरले आणि लॅपटॉपसमोर बसले. आता दुसरा तुकडा माझा होता. ज्याच्याकडून तुकडा काढून घेतला त्यानं यापुढे खोलीत थांबायचं नाही, हा नियम मात्र खरोखरच पुस्तकात होता. म्हणून आप्पा स्वतःच स्टूल उचलून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. दादांनी वळून दाराकडे पाहिलं. मला काही विचारलं नाही.

त्यांनी चष्मा लावला, आपला तुकडा टाइप केला. मी माझा केला. बाहेरून आप्पांचा खोकला ऐकू आला. दादांनी चष्मा काढून डबीत ठेवला. निरोप असेल म्हणून मी पुढे सरकलो, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"दशा," त्यांनी दाराकडे बघून आप्पांना लहानपणच्या नावानं हाक मारली. "झालं रं माझं. ये आत."

दार उघडलं नाही. पलीकडून आप्पांचा आवाज आला.

"आदी झाकन बंद कर, दादा."

मारुतीदादांनी लॅपटॉप मिटला, उठले आणि दार उघडायला स्वतः गेले.